फाटक्या आवाजाची डबी

महाडच्या बाजारपेठेत महिपतचे लाउडस्पीकर दुरुस्तीचे दुकान होते. दारावर पाटी होती : 'फाटका आवाज शिवून मिळेल.' वीस वर्षांत त्याच्या हाताखालून गेलेला एकही कर्णा कुणाच्या लग्नात खरखरला नव्हता. खरखर ऐकली की त्याच्या दाढा शिवशिवत. घरातसुद्धा. बायको रखमा डोंगरातल्या कुडपण गावची. दरीपलीकडच्यांना हाका मारमारून तिचा आवाज असा झाला होता की जरा चढवला की मधोमध फाटे. "हळू बोल गो, कॉइल जाईल," असे हा म्हणे, जणू तीही एक कर्णाच. बारा वर्षांत ती बिचारी घरात खुणांवर आली होती.

१९८४च्या वैशाखात सहदेव एक बंद पडलेली लोखंडी डबी घेऊन आला. औद्योगिक वसाहतीतली पाळी संपली की तो हळदीच्या कार्यक्रमांत इलेक्ट्रिक गिटार वाजवी. ही डबी गिटार आणि अॅम्प्लिफायरच्या मध्ये जोडून पायाने दाबायची. ओव्हरड्राइव्ह म्हणत तिला.

महिपतने तुटलेली तार जोडली. पण आत दोन डायोड असे बसवले होते की आवाजाची लाट उंच चढली की तिचा माथाच छाटला जावा! कुणा वेड्याचे काम, म्हणून त्याने ते उपटले, आणि पुन्हा कुणाच्या हाती लागू नयेत म्हणून पकडीने चिरडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहदेव धापा टाकत हजर.

"महिपतभाऊ, आवाज स्वच्छ येतोय!"

"येणारच. हात कुणाचा आहे?"

"अहो, तो फाटायला पाहिजे! त्याच्यासाठीच तर डबी. उद्या पोलादपूरला हळद आहे. नाही फाटला तर लोक बेंजो पार्टी बोलावतील, आणि सांगतील, महिपतने डबी बिघडवली."

महिपतने केरातल्या चिरडलेल्या डायोडांकडे पाहिले. फाडणे हे काम त्याने जन्मात केले नव्हते.

त्याने दुकानातले साधे डायोड लावले. सहदेवने तार नुसती कुरवाळली तरी कर्णा खेकसला. दुपारचा डबा घेऊन आलेल्या रखमाला राहवले नाही. "ह्यो तर आमचा भागोजी पाटील. 'बरा हाय का' इचारतो तरी वाटतं मारायला आला."

महिपतने कंडेन्सर बदलला. आता आवाज मधेच फुगून नाकातून येऊ लागला.

"ही बांगडीवाली सुंदराबाई," रखमा म्हणाली. "मोठ्यानं नाय बोलत, पण आख्ख्या बाजारातून आरपार जाते."

"वहिनी, मला दोन्ही नकोत," सहदेव काकुळतीला आला. "हळू छेडली तर गोड, जोरात छेडली तरच फाटायला हवी."

महिपतने बायकोकडे पाहिले. बराच वेळ पाहिले.

"रखमा, भावाला हाक मार बघू. कुडपणात मारायचीस तशी."

"कॉइल जाईल."

"जाऊ दे गो! माझी अब्रू जातेय!"

"धोंडूऽऽऽ!" समोरच्या किराणावाल्याच्या हातून तराजू सुटला. महिपतने चटकन जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतले, लाट हळूहळू छाटणारे नरम डायोड काढून बसवले. एका बाजूला एक, दुसऱ्या बाजूला दोन. मग हाक, मग गिटार; पुन्हा हाक, पुन्हा गिटार. संध्याकाळपर्यंत रस्त्यावर साठेक माणसे जमली.

पोलादपूरच्या मांडवात महिपत-रखमा होते, कुडपणची मंडळीही आली होती. सहदेवने डबी दाबून आधी हळुवार वाजवले. बायका डोलू लागल्या. मग त्याने तार जोरात छेडली. कर्ण्याचा आवाज मधोमध फाटला. नवरदेवाला हळद लावत असलेला रखमाचा भाऊ धोंडू वाटी टाकून उठला. "आलो गो, आक्का!" कुडपणची आणखी सहा माणसे उठून दरीच्या दिशेने बघू लागली.

"बसा रे खाली! मी हितं हाय!" रखमा सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडली.

सहदेव आनंदाने वाजवतच राहिला. महिपत कर्ण्यापाशी उकिडवा बसून दाढा चाचपत होता. एकही शिवशिवत नव्हती.

"जेवून घ्या आधी!" मागून हाक आली, चांगली फाटलेली.

त्याने आधी डबीकडे पाहिले, मग बायकोकडे, आणि मुकाट उठला.