विनायकनं आवळलेले नट

"भाऊजी, हे गेले," एवढंच रेखावहिनी फोनवर म्हणाल्या. अकोल्याच्या दुकानात मी मिक्सरची मोटर उघडून बसलो होतो, ती तशीच टाकून अमरावतीची बस धरली. माझा मित्र विनायक सकाळचा चहा घेता घेता गेला... हार्ट अटॅक. मला रडू आलं नाही, राग आला. दीड महिना झाला, तो उतरत नाही, म्हणून लिहितो आहे.

तेराव्याला अकोल्याच्या एका ड्रायव्हिंग क्लासचे मालक आले होते. हात धुताना चारचौघांत म्हणाले, "माणूस लाखाचा होता, पण काम कच्चं करून ठेवे." त्याच्याच घरची बुंदी खाऊन, त्याच्याच अंगणात उभं राहून हे बोलायचं? जनाची नाही तर मनाची तरी! मी मात्र खाली मान घालून उभा राहिलो.

आम्ही दोघं अमरावतीच्या आयटीआयचे. मी मिक्सर-पंपांच्या मोटर दुरुस्त करू लागलो, तो साउंडमध्ये गेला. मिरवणुकांपुढे छाती दडपणाऱ्या स्पीकरच्या भिंती रचून त्यालाच त्यांचा वीट आला आणि तो शेकरच्या नादी लागला. शेकर म्हणजे वाटीएवढं, पण चांगलंच जड यंत्र. सीटच्या सांगाड्याला बांधलं की गाण्यातला खर्ज कानाऐवजी अंगाला लागतो. अशी कामं तो घेई: टॉकीजच्या खुर्च्या, गेम खेळणाऱ्यांच्या सीटा आणि अलीकडे गाडी शिकवायचे सिम्युलेटर, म्हणजे समोर पडदा, हातात स्टिअरिंग, सीटखाली शेकर. इंजिन सुरू केलं की सीट थरथरते, खड्डा आला की दणका बसतो.

"जे दिवसभर हालते, ते आपलेच नट ढिले करते. त्याच्यावर भरोसा ठेवाचा नाई," तो म्हणायचा. म्हणून त्याचा शेकर सीटच्या फायबरला कधीच नसे, लोखंडी पट्टीलाच असे. वर लॉकनट, आणि एक बारीक तारदोर, म्हणजे बोल्ट तुटलाच तर यंत्र लोंबकळेल, कुणाच्या पायावर पडणार नाही. सीट सरकते त्या रुळापासून वायर दूर. खाली हात घालण्याआधी मेन बंद. शेवटी नेलपॉलिशची लाल रेघ, अर्धी नटावर आणि अर्धी पट्टीवर. रेघ तुटली की समजायचं, नट फिरला. "लग्नात लावाले आणली होती, हे नटाले लावून राहिले!" म्हणून वहिनी करवादायच्या. आणि आठव्या दिवशी परत जाऊन सगळे नट तपासायचे, हा त्याचा नेम होता. त्याचे पैसे तो कधी मागत नसे.

अकोल्याच्या त्या क्लासमध्येही त्यानं असाच शेकर बसवला, पण मालकांना हादरा कमी वाटला. विनायकनं अ‍ॅम्प्लिफायरची मर्यादा बांधून दिली होती आणि "याच्यावर देत नाई, सीट खिळखिळी होते," म्हणून बजावलं होतं. चौथ्याच दिवशी मालकांनी दुसरा मेकॅनिक आणला. त्यानं मोठा अ‍ॅम्प्लिफायर लावला, शेकर काढून लाकडात मारायच्या स्क्रूंनी सरळ फायबरला ठोकला, तारदोर कापून टाकली. बाराव्या दिवशी दर्यापूरहून शिकायला येणारी एक मुलगी सीटवरून उतरत असताना शेकर निसटून तिच्या पायावर पडला. दोन बोटं मोडली.

दुसऱ्या दिवशी विनायक आणि मी वाकून पाहिलं. फायबरला चार भोकं, आणि वर पट्टीवर नटांवाचून उरलेल्या लाल अर्ध्या रेघा. मालकांना हे दिसत नव्हतं थोडंच! तरी "अमरावतीवाल्याचं काम" म्हणून गावभर बोभाटा केला. कामं तुटली. चोर तो चोर, वर शिरजोर! विनायक फळं घेऊन त्या मुलीकडे दर्यापूरला गेला. तिच्या आईनं दारातच नको नको ते ऐकवलं. तो ऐकून परत आला.

"काहून नाई बोलत बे तू? सांग ना सगळ्याईले!" मी फोनवर भांडलो.

"जाऊ दे ना बे. एकाचं नाव काढलं का दुसऱ्याचं निघते..."

त्याचा अर्थ मला तेव्हाच कळला होता. आठव्या दिवशी त्याला ताप होता. त्यानं मला फोन केला होता, "सुधाकर, तू अकोल्यातच आहे, जरा वाकून पायजो. रेघा पाय, बस." क्लास माझ्या दुकानापासून पायी दहा मिनिटांवर. ऊन होतं, गिऱ्हाईक होतं... मी गेलो नाही. संध्याकाळी त्यानं विचारलं तेव्हा बेधडक सांगितलं, "पाह्यलं. सब बराबर आहे." तेव्हा रेघा तुटून चार दिवस झाले होते. मी नुसता वाकलो असतो तरी त्या मुलीचा पाय वाचला असता. तेराव्याला त्या मालकासमोर माझी जीभ उचलली नाही ती यामुळे.

गेल्या आठवड्यात वहिनींनी कपाटातून एक वही काढून दिली. "कोनाले दाखवू नको मनत होते. काहून, ते नाई सांगितलं. तुमचं नाव आहे भाऊजी तिच्यात, तुमीच ठेवा." प्रत्येक कामापुढे आठव्या दिवशी कुणी तपासलं, त्याचं नाव. त्या क्लासपुढे त्याच्या तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, 'सुधाकरनं पाह्यलं. ठीक.' ते खोटं आहे हे कळल्यावरही त्यानं ती ओळ खोडली नव्हती, आणि कुणाला दाखवलीही नव्हती.

काल मी त्या ओळीखाली लिहिलं, 'सुधाकर गेला नव्हता.' खाली सही केली, वही पिशवीत घातली आणि दर्यापूरची बस धरली. त्या मुलीच्या आईनं दारात विनायकला जे ऐकवलं, ते माझं होतं.