सीटवरचं प्लास्टिक

जुन्या गाड्यांच्या दुकानात नव्वदीच्या सुरुवातीच्या दोन जपानी गाड्या शेजारी शेजारी उभ्या होत्या, एक पांढरी, एक निळी. वय एकच, बांधाही तसाच चौकोनी. पांढरीच्या सीटवर मात्र अजून नवेपणीचं प्लास्टिक होतं. “एवढ्या वर्षांत काढलं नाही साहेब, अशी जपलीय,” दुकानदार म्हणाला. मला तिथंच संशय आला. जिच्यात कुणी ऐसपैस बसलंच नाही, ती घरची गाडी कसली? निळीच्या मागच्या सीटवर शाईचा मोठा डाग होता. तिच्यावर माझा चटकन विश्वास बसला.

“निळीच घेऊ,” मी बायकोला म्हणालो.

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. “आपल्या सोफ्यावरची चादर पाहुणे आल्याशिवाय काढू देता का कधी?”

मी तो डाग कशानं निघेल, याचाच विचार करत होतो.