झोर्काची बाग कुणी मारली

झोर्का बाचिचने आयुष्यात ज्यांना ज्यांना हाणलं, त्यातल्या बहुतेकांची तीच लायकी होती. कॅनिंग नदीला मिळणाऱ्या ओढ्याकाठच्या आमच्या गल्लीत कुणालाही विचारा, हेच सांगतील. एकाच्या बाबतीत मात्र ती चुकली, आणि ते तिला फार महागात पडलं.

हाणायला ती बापाकडून शिकली. शिमे बाचिच क्रोएशियातल्या डाल्मेशियाच्या किनाऱ्यावरून बोटीने ऑस्ट्रेलियात पर्थला आला आणि शहराबाहेर स्पिअरवूडच्या वाळूत कोबी-कांदे पिकवू लागला. त्या वाळूत पाणी टिकत नाही आणि खतही टिकत नाही, म्हणून तो पोतीच्या पोती खत ओतायचा. लेकीच्या अंगी शिस्त टिकत नाही म्हणून तिला रबरी पाइपने फोडून काढायचा. कांद्याची जुडी सैल बांधली, पाइप. शाळेतून यायला उशीर झाला, पाइप. आई मध्ये पडली तर तिच्याही पाठीवर तोच पाइप. झोर्का रडायची नाही, त्यामुळे तो आणखी चेकाळायचा.

मिसरूड फुटायच्या वयाच्या पोरांना लोळवत ती मोठी झाली आणि एक दिवस घर सोडून उत्तरेला लोखंडाच्या खाणीवर गेली. तिथे घराएवढे ट्रक चालवले. तिथेच लग्न केलं, तेही बापासारख्याच माणसाशी. एका मारात तिचा डावा कान कायमचा बधिर झाला. त्याच्या पुढच्या वेळी नवऱ्याने हात उचलला तेव्हा तिच्या हातात चाकाचा पाना होता. त्याचा जबडा दोन ठिकाणी मोडला. संसार तिथेच संपला, आणि तिने त्याबद्दल कधी उसासाही टाकला नाही.

आई गेली, मळा विकला गेला, शिमेचे गुडघे गेले. तेव्हा ती आमच्या गल्लीत घर घेऊन राहत होती. ती बापाला घेऊन आली. ज्याने गुरासारखं बडवलं त्याला कशाला सांभाळतेस, असं कुणी विचारलं की म्हणायची, "मग काय रस्त्यावर टाकू?" त्याच्या बुटांच्या नाड्या बांधायची, सार्डिन मासे भाजून काटे काढून ताटात वाढायची. दोघं बोलत मात्र काही नसत.

मग तो उन्हाळा आला ज्यात ओढ्याचं पाणी हिरव्या रंगासारखं घट्ट झालं आणि मासे पोटं वर करून तरंगू लागले. काही अजून जिवंत होते, तोंडं उघडून हवा गिळत होते. ओढा साफ करणाऱ्या मंडळींबरोबर झोर्काने मेलेले मासे बादल्यांनी उपसले. त्यांनीच तिला सांगितलं, की हे आपल्याच दारातून येतं. हिरवळीवर ओतलेलं खत वाळूतून झिरपतं, उरलेलं रस्त्याच्या गटारातून थेट ओढ्यात उतरतं, शेवाळ माजतं आणि मासे गुदमरतात.

घरी आली ती कुदळ घेऊनच. घरापुढच्या, रस्त्याकडेच्या नगरपालिकेच्या पट्टीवरची हिरवळ तिने सोलून काढली. बघणाऱ्याला गवताची दया यावी असे घाव घालत होती. पहिल्या पावसानंतर तिथे इथलीच झाडं लावली: बँक्सिया, कांगारूच्या पंजासारख्या फुलांची झुडपं, राखाडी पानांची काटेरी जाळी. एकदा मुळं धरली की ही झाडं आमच्या कंगाल वाळूत, आभाळातून पडेल तेवढ्या पाण्यावर जगतात.

शिमे खुर्ची टाकून बघत बसायचा. एकदा म्हणाला, "ही खातात काय?"

"काही खात नाहीत."

"असं कुठलं झाड असतं, उपाशी राहणारं?"

"ही राहतात. तू आत हो, ऊन लागेल."

एवढंच. कारण सांगायला तिला दोन मिनिटं लागली असती. पण बापाशी दोन मिनिटं बोलायची तिला सवयच नव्हती.

पुढच्याच वर्षी एक रंगारी आपल्या बादल्या गटारात धुताना तिला सापडला. तिने एकदा नीट सांगितलं. तो हसला. तिने त्याची मान धरून तोंड गटाराच्या लोखंडी जाळीवर आपटलं, नाक फुटून रक्त त्याच गटारात गेलं. न्यायाधीश बाईंनी शिक्षा सुनावली आणि टांगती ठेवली. पुन्हा कुणावरही हात टाकला की सरळ तुरुंग. आणि ती तुरुंगात गेली की शिमे वृद्धाश्रमात. त्याचा जुना दोस्त तिथे खुर्चीला बांधलेल्या अवस्थेत मेला होता, हे त्याने डोळ्यांनी बघितलं होतं. "तिथे धाडण्यापेक्षा मला ओढ्यात ढकल," असं त्याने लेकीला बजावलं होतं.

तेव्हापासून झोर्काने हात आवरले. आणि शेजारी होता ट्रेव्हर हॅडो, ज्याला हे पुरतं ठाऊक होतं. त्याची हिरवळ बिलियर्डच्या टेबलासारखी, आणि जीभ करवतीसारखी.

"काय झोर्का, साप पाळणार का या झुडपांत?"

"तू आहेस की शेजारी."

"माझ्या घराची किंमत उतरते तुझ्या या उकिरड्याने. एक दिवस औषध मारून टाकीन, बघ."

"मारून तर बघ."

"का, काय करशील? हात उचलशील?" असं म्हणून तो हसायचा, आणि ती खिशात मुठी आवळून घरात जायची.

वसंतात बँक्सिया पिवळ्या पडू लागल्या. आधी कडा करपल्या, मग पानंच्या पानं काळी पडली. झोर्काने वाळू उकरली, मुळं बघितली, रात्री झोप सोडली. एका सकाळी सर्वांत मोठं झाड मेलेलं दिसलं. ती त्याच्यापाशी उभी असताना कुंपणापलीकडे ट्रेव्हर पाठीवर पंप बांधून तणनाशक फवारत होता. आपल्याच फरशीच्या फटींत फवारत होता तो. पण वारा तिच्या बाजूला वाहत होता, आणि तो हसला.

"मेली वाटतं," तो म्हणाला. "गेली ब्याद."

कुदळ तिच्या हातात होतीच. तिने कुंपण कधी ओलांडलं ते गल्लीत कुणाला दिसलं नाही, पहिला आवाज तेवढा सगळ्यांनी ऐकला. दांड्याचा घाव गुडघ्यावर बसला आणि गुडघा उलट्या बाजूला वळला. तो कोसळला तशी ती त्याच्या छातीवर बसली आणि तोंडावर ठोसे घालू लागली. दात तिच्या बोटांच्या सांध्यांत रुतले. "मी नाही, मी नाही," तो रक्ताच्या चुळीतून म्हणत होता. तिचा बरा कान त्याच्याच बाजूला होता, तरी तिला ऐकू आलं नाही. त्याची बायको पाण्याची नळी घेऊन धावली आणि कुत्र्यांना सोडवावं तसं दोघांवर पाणी मारलं, तेव्हा कुठे झोर्का उठली.

ती कुंपण ओलांडून परत घरापुढे आली. शिमे खुर्चीत ताठ बसला होता. त्याने सगळं बघितलं होतं.

"त्याने झाडं मारली, बाबा," ती म्हणाली. धाप लागली होती. "विष घातलं माझ्या झाडांना."

"विष नाही ग. आजारी पडलीत, उठतील," शिमे म्हणाला. "मी घालतोय ना त्यांना. तू बाजाराला गेलीस की घालतो, मूठ मूठ. शेडमध्ये माझं मळ्यातलं खताचं पोतं आहे." त्याने मान खाली घातली. "तुला लहानपणी कधी माया करून खाऊ घातलं नाही. मारलंच. म्हटलं, तुझ्या झाडांना तरी पोटभर घालावं."

झोर्का खाली बसली, तिथेच, फुटपाथवर. बँक्सियाची मुळं कंगाल वाळूची. त्यांच्यापुढे मळ्याचं खत आलं की ती थांबत नाहीत, पीत सुटतात आणि त्यातच मरतात. उरलेलं ओढ्यात जातं. हे तिला पक्कं ठाऊक होतं, ओढा बघायला येणाऱ्या शाळेच्या पोरांना ती हेच शिकवायची. बाप तिच्या रक्ताळलेल्या हातांकडे बघत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचा चेहरा मऊ दिसत होता.

पोलीस आले. तरुण पोलीस बाईने विचारलं, "का मारलंत त्यांना? त्यांनी काही केलं होतं का?"

शिमे सांगायला पुढे सरसावला. "झाडांचं आहे हो, मी त्यांना—"

"झाडांचा काही संबंध नाही," झोर्का त्याच्यावर ओरडली. "त्याचं थोबाड मला आवडत नाही. घ्या लिहून. उगाच मारलं."

तिच्या वकिलाने डोक्याला हात लावला. झाडांच्या काळजीने डोकं फिरलं म्हणून काही सूट मिळाली असती, तीही तिने घालवली. न्यायाधीशांनी जुनी शिक्षा आणि नवी शिक्षा एकापुढे एक जोडली. ट्रेव्हर अजून काठी घेऊन चालतो, आणि त्याने काही केलं नव्हतं, हे तिने कोर्टात उभं राहून स्पष्ट सांगितलं. शिमेला वृद्धाश्रमात नेलं तेव्हा त्याने दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. बोटं एकेक करून सोडवावी लागली. मेलेली झाडं नगरपालिकेने उपटून नेली आणि पट्टीवर हिरवळ अंथरली.

महिन्यातून एकदा आश्रमाची गाडी त्याला तुरुंगात भेटीला आणते. तो टेबलापलीकडून लेकीचा हात धरतो. बोटांच्या सांध्यांवर ट्रेव्हरच्या दातांचे व्रण आहेत, त्यांवरून अंगठा फिरवतो.

"झाडं उठली का ग?"

"उठली, बाबा. चांगली फोफावलीत."

"मग? मी म्हणत नव्हतो? उपाशी होती. आता कोण घालतं त्यांना?"

"आहे एकजण."

"त्याला म्हणावं, हात आखडू नकोस. माझ्या नावाने एक मूठ जास्त घाल."

"सांगते," झोर्का म्हणते, आणि वेळ संपेपर्यंत त्याच्या हातातला हात काढून घेत नाही.