करुणाताई लारावेल शिकल्या, त्याची गोष्ट

मुकुंदवाडीत ज्यानं कुणी टायपिंगची परीक्षा दिली, त्याची बोटं एकदा तरी करुणाताई दाभाडे यांच्या नजरेखालून गेलेली असतात. किराणा दुकानाच्या वरच्या खोलीत त्यांचा क्लास. आधी खडखडणारी मशिनं होती, नंतर कॉम्प्युटर आले, ताई त्याच. "बोटांकडं बघू नको, पडद्याकडं बघ," हे त्या झोपेतसुद्धा बडबडतात, असं त्यांचे यजमान राजेंद्र सांगतात. राजेंद्र चिकलठाण्याला कारखान्यात सुपरवायझर आहेत.

गेल्या वर्षी आकाश पेढे घेऊन आला. हा ताईंचा जुना विद्यार्थी. पुण्याची नोकरी सोडून त्यानं सिडकोत वेबसाइट बनवायला शिकवणारा वर्ग काढला होता.

"मॅडम, तुमच्याकडची पोरं धाडा माझ्याकडं."

"पोरंच पाहिजेत का? मी आले तर?"

आकाश हसला. मॅडम हसत नाहीत, हे ध्यानात आल्यावर त्यानं पेढ्याचा पुडा खाली ठेवला आणि म्हणाला, "रविवारी या."

वर्गात सगळी कॉलेजची मुलं. ताई पहिल्या बाकावर बसल्या. "इथं तुम्ही सर. मला नावानं हाक मारायची," असं त्यांनी बजावलं, पण आकाशची जीभ काही रेटेना. शेवटी 'ताई'वर तडजोड झाली.

आकाशची शिकवायची रीत ताईंना आवडली. लांबलचक भाषण नाही. कीबोर्डवर हात ठेवूनच शिकायचं. "लारावेल हे वेबसाइट बनवायचं साधन म्हणजे उभं केलेलं घर समजा," तो म्हणाला. "पाया, भिंती, छप्पर तयार आहे. कोणत्या खोलीत काय ठेवायचं, ते आपण ठरवायचं." ताईंची बोटं सगळ्यांच्या पुढं पळायची, त्यामुळं चुकाही सगळ्यांच्या आधी व्हायच्या. टायपिंगमध्ये चूक झाली तर गुण जायचा; इथं एक अर्धविराम राहिला की अख्खं पान उघडायला नकार द्यायचं. एकदा तर त्या घरी येऊन म्हणाल्या, "बास झालं. मी नाही जात."

राजेंद्र म्हणाले, "नको जाऊ. पण कडूमावशीला शब्द तू दिलायस, मी नाही. काय सांगायचं ते तूच सांग."

तो शब्द भांड्यांचा होता. वर्गात प्रत्येकानं स्वतःचं काहीतरी बनवायचं होतं. मुलांनी दुकानांच्या वेबसाइट घेतल्या. ताईंनी विहारातल्या महिला मंडळाची भांडी घेतली. मोठी पातेली, पराती, सतरंज्या वस्तीतल्या लग्नाबारशाला दिल्या जात. कुणाला कधी द्यायचं, हे अध्यक्ष कडूबाईंच्या डोक्यात असे, आणि एकाच दिवशी दोन कार्यं निघाली की भांडणं ठरलेली. आता मागणी फोनवरून करायची, तारीख मोकळी आहे का ते ताईंचं ॲप सांगणार.

ते सुरू झालं आणि पहिल्याच झटक्याला फसलं. साळव्यांचं लग्न रविवारी, म्हस्क्यांचं बारसं सोमवारी. तारखा वेगळ्या, म्हणून ॲपनं दोघांनाही होकार दिला. सोमवारी सकाळी म्हस्के ॲपे रिक्षा घेऊन विहारापाशी हजर, आणि भांड्यांची खोली रिकामी!

कडूबाईंनी फोनवरच ताईंना धरलं, "लई हुशार हाय व्हय तुझा कॉम्प्युटर? त्याला सांग, पातेलं घासाया येळ लागतो म्हणावं!"

ताई तशाच साळव्यांच्या दारात गेल्या. पातेल्यांना रात्रीचं वरण चिकटलेलं. पदर खोचला, साळव्यांच्या मुलींना हाताशी घेतलं आणि नळाखाली बसल्या. ओल्या पराती रिक्षात चढवल्या. बारशाचं जेवण उशिरा झालं. पण पोटभर झालं, आणि म्हस्क्यांनी ताईंनाही आग्रहानं पंगतीला बसवलं.

पुढच्या रविवारी त्यांनी वर्गात सगळं मोकळेपणानं सांगितलं. मुलं खोखो हसली, ताईही हसल्या. आकाश शेजारी स्टूल ओढून बसला.

"ताई, तुम्ही एकच तारीख घेतलीय. भांडी नेतात कधी, परत येतात कधी?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे दोन तारखा. आणि नवी मागणी त्या दोन्हींच्या मध्ये पडते का, ते बघायचं."

"लिहा."

त्यानं कीबोर्डला हात लावला नाही. ताई लिहीत गेल्या, अडल्या, खोडलं, पुन्हा लिहिलं. मग मुद्दाम चुकीची मागणी टाकून पाहिली. पडद्यावर आलं, 'या दिवशी भांडी मोकळी नाहीत.' कुणाचा नकार ऐकून एवढा आनंद त्यांना आयुष्यात झाला नव्हता.

कडूबाईंनी मात्र स्वतः पारख केल्याशिवाय मान हलवली नाही. पुढच्या एका लग्नाला पातेली आधीच ठरलेली होती; नातीच्या फोनवरून त्याच दिवसाची मागितली, नकार आला. लग्नाच्या दुसऱ्या दिवसाची मागितली, पुन्हा नकार. "आता कसं!" त्या म्हणाल्या, आणि ताईंच्या पाठीत प्रेमानं एक धपाटा घातला.

ही बातमी पाव्हण्यारावळ्यांतून बिडकीनला पोचली. तिथल्या महिला मंडळाला खुर्च्या आणि मंडपासाठी असंच काहीतरी हवं होतं. राजेंद्रांच्या सुट्टीच्या दिवशी ताई लॅपटॉपची पिशवी मांडीवर धरून त्यांच्या गाडीवर मागं बसल्या.

"गप्प का? भीती वाटतीय का?" राजेंद्रांनी आरशातून बघत विचारलं.

"भीती कसली? भूक लागलीय. पुढं गरम भजी दिसली की थांबवा."