एक माझा, एक तुमचा

आमच्या माडीवरच्या भाडेकरूंइतके प्रश्न विचारणारा माणूस कर्जत-खालापूर भागात त्यांच्याआधी झाला नव्हता, आणि पुढं कोणी होईल अशी मला आशाही नाही. माणसं सकाळी उठून देवाला हात जोडतात, हे गृहस्थ उठले की पहिला जो दिसेल त्याला विचारायचे, "काल रात्री काय जेवलात?" दूधवाल्याला विचारायचे, पोस्टमनला विचारायचे, आणि दोघंही चुकवून गेले तर आमच्या मांजराकडे असं काही बघायचे की ते बिचारं उठून परसात जायचं. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं त्यांना इकडच्या खेड्यांची पाहणी करायला पाठवलं होतं. माणसं काय खातात, कशानं आजारी पडतात, ताप किती दिवस राहतो, मुलं किती होतात आणि किती जगतात, असे ब्याण्णव प्रश्न एकेका तक्त्यावर छापलेले. लढाई चालू होती, रॉकेल मिळत नव्हतं, साखर डोळ्यांना दिसत नव्हती, कागद म्हणजे तर चैन. आणि अशा दिवसांत हे कोऱ्या तक्त्यांची ट्रंक हमालाच्या डोक्यावर देऊन भिसेगावात आमच्या दारात उभे राहिले. मी ज्या वखारीत कारकून होतो ती नुकतीच बंद पडली होती. वय पस्तिशीचं, पदरात दोन मुलं. उत्तरं लिहून घ्यायला त्यांना माणूस हवा होता, मी लागलो.

पहिल्याच दिवशी त्यांचं आणि माझ्या आईचं बिनसलं. आईनं रीतीप्रमाणे विचारलं, "घरी कोण कोण असतं तुमच्या?" त्यावर सरळ उत्तर द्यावं की नाही? हे म्हणाले, "सांगतो की. पण माझा नियम आहे, आई. एक माझा, एक तुमचा. आधी माझा प्रश्न. तुम्हाला मुलं किती झाली आणि किती राहिली?" आईच्या हातात गुळाची वाटी होती. ती तशीच घेऊन ती आत गेली. "मेल्याला काही पोच आहे का?" एवढंच स्वयंपाकघरातून ऐकू आलं, आणि त्यानंतर दोन वर्षं तिनं त्यांना जेवण वाढलं, ताक वाढलं, पण प्रश्न म्हणून एकही विचारला नाही. तिनं विचारला नाही म्हणून आमच्या घरात कोणीच विचारला नाही. त्यातून ते ठाकरवाडीत पाणी पितात, खालापुरात मुसलमानाच्या घरी चहा घेतात, हे मीच येऊन सांगितलं होतं. तेव्हापासून माडीवरचा पेला फडताळात वेगळा राहू लागला. त्यांनी तो पाहिला आणि मला नुसतं विचारलं, "हा पेला धुतो कोण?" म्हटलं, आईच. "मग ठीक आहे," म्हणाले. त्यात ठीक काय होतं ते त्यांनाच माहीत.

माणसांना बोलतं करायच्या त्यांच्या तऱ्हा मी सांगितल्या तर थापा वाटतील. खोपोलीकडच्या खेड्यात शेतकऱ्याच्या घरी गेलो की बायकोला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर नवरा द्यायचा. बायको आजारी कधी पडली होती? "ती कवाच पडत नाय." पोरं किती गेली? "देवाच्या दयेनं एकबी नाय." मग आमचे साहेब चिंतातुर चेहरा करून म्हणायचे, "तुमचा तो पांढरा बैल जरा लंगडतोय का हो?" नवरा गोठ्याकडं धावायचा. बैलाचे चारही पाय तपासून तो परत येईपर्यंत बाई चौकटीशी उभ्या उभ्या हळू आवाजात चार गेलेल्या पोरांची नावं सांगून मोकळी झालेली असायची, आणि माझा टाक अडखळत असायचा. खालापूरच्या बांगड्यांच्या दुकानामागं पडद्याआड दुकानदाराची म्हातारी आई बसायची. तिथं हे पडद्याकडं पाठ करून बसत आणि समोरच्या भिंतीवरच्या पालीला प्रश्न विचारत. दुकानदाराला पहिल्यांदा हसू आवरेना. म्हातारीला मात्र ते पटलं. पडद्याआडून तिनं जेवढं सांगितलं तेवढं तिच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. डोंगरावरच्या ठाकरवाडीत तर आम्ही दिसलो की वाडी रिकामी. हे लढाईवर न्यायला आले, नाहीतर टोचायला आले, दोन्हीपैकी काहीतरी नक्की. साहेब वाडीच्या कडेला धोंड्यावर बसले आणि मोडकी छत्री दुरुस्त करू लागले. तीन दिवस हेच. तिसऱ्या दिवशी एक म्हातारा येऊन म्हणाला, "आरं, ती काडी उलटी बशिवलीस तू." तिथून त्या वाडीचे तक्ते सुरू झाले.

आणि प्रत्येक ठिकाणी शेवटी तोच नियम. ब्याण्णव प्रश्न संपले की ते हात गुडघ्यावर ठेवून म्हणायचे, "आता तुमची पाळी. विचारा." मग मला सांगायचे, "टाक खाली ठेवा. हे लिहायचं नाही. तुम्ही पाणी पिऊन या." मला तेवढंच हवं असायचं. मी विहिरीवर जायचो, पाय धुवायचो, झाडाखाली पंचा टाकून पडायचो. तासभरानं परत यावं तर हे अजून उत्तरं देत बसलेले. एकदा चिडून म्हटलं, "अहो, संस्थेला तुमची उत्तरं नकोयत. यात किती वेळ जातो!" ते म्हणाले, "लोकांच्या घरातून एवढं उचलून न्यायचं, तर थोडं ठेवून यायला नको का?" मला वाटलं, विक्षिप्तपणा. दोन वर्षं मी त्यांच्या मागून तक्त्यांचं गाठोडं घेऊन हिंडलो, पण लोकांच्या पाळीला मी कुठल्याच घरात नव्हतो.

दुसरं वर्ष सरता सरता, भाद्रपदात त्यांना हिवताप झाला. क्विनाईन कुठं मिळेना. आईनं माडीवर अंथरूण घातलं, उशापाशी बसून राहिली, आणि पहिल्याच दिवशी वेगळा पेला विसरून तिनं स्वतःच्या तांब्यातलं पाणी त्यांच्या तोंडाला लावलं. ते गेले तेव्हाही तीच जवळ होती. उल्हास नदीच्या काठी मी अग्नी दिला, कारण द्यायला दुसरं कोणी नव्हतं. घरी आल्यावर आई म्हणाली, "दहाव्याच्या आत त्यांचं माणूस यायला हवं. कळव." कोणाला कळवू? ट्रंक उलटी केली. वर तक्ते, खाली तक्ते. पाचशे घरांतल्या माणसांचा ताप, जेवण, बाळंतपणं सगळं माझ्या अक्षरात. त्यांच्या स्वतःच्या घराचा एक कागद नाही. संस्थेला तार केली. उत्तर आलं: माहिती नाही, तक्ते पाठवा.

मग मी निघालो. तीच घरं, तेच रस्ते, फक्त या वेळी विचारणारा मी. ठाकरवाडीत छत्रीवाल्या म्हाताऱ्यानं मला बसवलं. म्हणाला, "आधी तू सांग. त्यो तुज्या घरात मेला, तर रडलं कोन?" मी म्हटलं, "आई." मग तो म्हणाला, "याक पोर हाय त्याला. मी इचारलं हुतं." एवढंच त्याच्याकडं होतं. खालापूरला मी पडद्याकडं पाठ करून बसलो. समोर तीच भिंत. म्हातारी आतून म्हणाली, "दोन वर्सं त्याच्या संगं फिरलात, मंग तुमाला कसं ठावं नाय?"

"मी पाणी प्यायला जायचो," मी म्हटलं. दुसरं खरं उत्तर नव्हतं.

मग तिनं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वी हे असेच दुसऱ्या जिल्ह्यात लोकांचे ताप मोजत हिंडत होते. इकडं घरात बायको तापानं पडली. निरोप उशिरा पोचला, हे आले तोवर सगळं आटोपलेलं. लेक माहेरी आली होती. उंबऱ्यावर तिनं बापाला एकच विचारलं, "आईला ताप किती दिवस होता, सांगा." यांना सांगता आलं नाही. त्यानंतर ती त्यांच्याशी बोलली नाही. "तवापासून तो सगळ्यांना सांगायचा, मला इचारा म्हणून," म्हातारी म्हणाली. "एकाचं उत्तर ऱ्हायलं, म्हणून बाकीच्यांची देत फिरला बिचारा." माझं तोंड भिंतीकडं होतं, याचं मला बरं वाटलं.

लेक दिली कुठं, ते खोपोलीकडच्या त्या चौकटीतल्या बाईला माहीत होतं. बायका हे विचारल्याशिवाय राहत नाहीत. मी तिच्या नवऱ्याला बैलाचं सांगू लागलो तर तो म्हणाला, "चल, आमाला काय कळत नव्हतं व्हय? मी जायाचो आपणहून." आणि खरंच उठून गोठ्यात गेला. बाई म्हणाली, "वाईला दिलीया. जावई शाळामास्तर हाय. घाटाम्होरं घर. मी म्हनलं, जावा की दादा एकडाव. तर म्हनले, जाऊन सांगू काय?" मी खोपोलीहून तार केली.

नवव्या दिवशी ती आली, नवऱ्याला घेऊन. बापासारखंच रुंद कपाळ, तसंच समोरच्याकडं रोखून बघणं. माडीवर गेली, ट्रंकेला हात लावला, खाली येऊन ओटीवर बसली. मी सगळी तयारी करून ठेवली होती. कुठल्या घरात ते काय म्हणाले, कोणाला काय सांगितलं. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"बाबांना ताप किती दिवस होता?"

सहा की सात? क्विनाईन शोधत मी कल्याणपर्यंत गेलो होतो, मधले दिवस मला आठवेनात.

आतून आई आली. पदर खोचलेला, हात पिठाचे. "सात दिवस," ती म्हणाली. "पहिल्या दिवशी दुपारी थंडी वाजून आला. तीन गोधड्या घातल्या. दुसऱ्या दिवशी उतरला, दोन घास भात खाल्ला. तिसऱ्या दिवशी परत. चौथ्या दिवशी तुझं नाव घेतलं, मला कळलं नाही कोणाचं ते. पाचव्या दिवशी पेज दिली, ठरली नाही. सहाव्याला बोलणं बंद. सातव्या दिवशी पहाटे डोळे उघडले, पाणी मागितलं, मी दिलं. ते प्यायले, आणि मग गेले." ती एकेक दिवस बोटावर मोजत सांगत होती आणि ती लेक एकेका दिवसाला मान हलवत होती, जसं काही हे सगळं तिला पुढं कोणाला तरी सांगायचं होतं. सातवं बोट मिटल्यावर ती आईच्या कुशीत शिरली आणि मोठ्यानं रडली.

दहावा पार पडला, ती दोघं अस्थी घेऊन गेली. ट्रंक बांधून पुण्याला पाठवायची म्हणून मी तक्ते लावत बसलो होतो. आई माझ्यामागं येऊन उभी राहिली.

"एखादा कोरा उरलाय का रे?"

"उरलेत की. का गं?"

"टाक घे. त्यांचा एक राहिलाय माझ्याकडं." आई खाली बसली, भिंतीला टेकली आणि दाराबाहेर बघत म्हणाली, "लिही. सात झाली. तीन राहिली."

मी दौत पुढं ओढली. आम्ही तिघं भावंडं, त्यात मी थोरला. माझ्या पाठची दोन लहानपणीच गेली, एवढं मला ठाऊक होतं. माझ्याआधीही दोन होऊन गेली होती, हे मला सदतिसाव्या वर्षी, आमच्याच घरात, त्या तक्त्यावर लिहिताना कळलं. आईनं त्या चौघांची नावं सांगितली, कोणाला ताप किती दिवस होता तेही सांगितलं. सगळं सांगून झाल्यावर ती तशीच बसून राहिली, आणि मी टाक खाली ठेवला. पण मी पाणी प्यायला उठलो नाही.