सकाळी साडेअकराचा दरबारी

गुरुनाथ दातीर मूळचे बार्शीचे. चंडीगडला सेक्टर ३९ मधल्या एका सरकारी संशोधन संस्थेत ते भांडार अधिकारी होते. परीक्षानळीपासून साबणाच्या वडीपर्यंत काहीही हवं असलं तर तीन प्रतींत मागणीपत्रक भरावं लागे, त्यात नग लिहावे लागत, आणि दातीरांची सही होईपर्यंत शास्त्रज्ञाला हात धुता येत नसत.

गाणं त्यांना येत नव्हतं. ऐकताना ते मानही डोलवत नसत, कारण मान डोलवली की माणसं मोजताना चूक होते. तरीही चंडीगडच्या मराठी मंडळात शास्त्रीय गाण्याच्या बैठका सुरू केल्या त्या त्यांनीच. नोकरीत बावीस वर्षं त्यांनी लोकांनी मागितलेलं लोकांना दिलं होतं. बैठक ही एकच गोष्ट अशी, की जी कुणी मागितली नव्हती आणि तरी त्यांनी दिली होती.

बैठक भरवण्याचं त्यांचं म्हणून एक शास्त्र होतं. ते त्यांनी 'आयोजकांसाठी सूचना' या नावाने सायक्लोस्टाइल करून दिल्ली, भोपाळ आणि जबलपूरच्या मराठी मंडळांना न मागता पाठवलं होतं. चहा मध्यंतरात देऊ नये, चहा प्यायलेला श्रोता हा सुटलेला श्रोता असतो. सतरंजी मुद्दाम दोन हात लहान अंथरावी, म्हणजे वीस माणसांतही दाटी दिसते. आमंत्रण नवऱ्याला न देता बायकोला द्यावं, नवरा आमंत्रण खिशात ठेवतो आणि तो खिसा धुवायला जातो. कलाकाराला स्टेशनवर घ्यायला गाण्यातला जाणकार पाठवू नये, त्यांचं वाटेतच भांडण होतं. प्रमुख पाहुणा टाळावा, आणि अगदीच टळत नसेल तर घसा बसलेला निवडावा.

इतकं शास्त्र असूनही माणसं येत नव्हती. त्यात पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांत शहर अंधार पडायच्या आत घरी परतत असे. बसगाड्या लवकर बंद होत, चौकाचौकांत पोलिसांची नाकी असत, आणि संध्याकाळी सातनंतर दारावर थाप पडली तर घरातला प्रत्येकजण दुसऱ्याकडे बघे. म्हणजे रात्रीची बैठक गेलीच. रविवारी सकाळ म्हणावी, तर टीव्हीवर पौराणिक मालिका लागे, आणि ती संपेपर्यंत पाहुण्याला पाणीसुद्धा मिळत नसे. उरली ती एकच वेळ, साडेअकरा ते दीड.

मंडळाचे अध्यक्ष होते डॉ. श्यामकांत. मोठ्या इस्पितळात ते हाडांचे डॉक्टर होते आणि मंडळातही मोडकं काही ठेवायचं नाही, असा त्यांचा बाणा होता. लागोपाठ दोन बैठकांना चाळीसपेक्षा कमी श्रोते आले, तेव्हा कार्यकारिणीत त्यांनी ठराव आणला. तिसऱ्यांदा तसंच झालं तर बैठका कायमच्या बंद, आणि महिन्याचा तो रविवार हाउजीच्या आकड्यांच्या खेळाला. हाउजीला सत्तर माणसं येत. मोजणी बैठक संपताना व्हायची. गाणारे, वाजवणारे, आयोजकाच्या घरचे आणि कामावर आलेले धरायचे नाहीत. शिवाय श्रोता म्हणजे गाणं ऐकायला आलेलाच, शेवटी मिळणाऱ्या वड्यासाठी आलेला नव्हे, हेही डॉक्टरांनी इतिवृत्तात लिहून घेतलं. गेल्या वेळी दातीरांनी दूधवाल्याला एकोणचाळिसावा धरलं होतं, त्याचा हा सूड होता.

दातीरांनी मग भांडारातला उपाय काढला. घरोघरी मागणीपत्रकं वाटली आणि कोणता राग हवा ते भरून मागितलं. सत्तावीस जणांनी दरबारी लिहिला. त्यातल्या वीसेक जणांना रागाचं तेवढं एकच भारदस्त नाव ठाऊक होतं. दातीरांनी आमंत्रणावर ठळक अक्षरांत दरबारी छापला आणि सांगलीच्या सदाशिवबुवांना पत्र टाकलं: राग दरबारी, नग एक. बुवांचा होकार आला. बैठक किती वाजता, हे त्यांनी विचारलं नाही आणि दातीरांनी कळवलं नाही. मागणीपत्रकात वेळेचा रकानाच नव्हता.

अठ्ठ्याऐंशीच्या मार्चमधल्या त्या रविवारी सकाळी बुवा दातीरांच्या घरी न्याहारी करत असताना त्यांना वेळ कळली. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली.

"दातीर, दरबारी रात्रीचा. बाहेर ऊन पडलंय. मी तोडी गातो."

दातीर म्हणाले की छापून गेलंय. बुवांनी शांतपणे सांगितलं की सूर्यही बराच आधी छापून गेलाय. आपल्या गुरूंनी चाळीस वर्षांत दिवसा दरबारीचं नावसुद्धा काढलं नव्हतं, आणि आपण काही त्यांच्याहून मोठे नाही. दातीरांना तोडीबद्दल तक्रार नव्हती. पण मागितलेला माल बदलून दिला की माणूस काय करतो, ते त्यांनी बावीस वर्षं पाहिलं होतं. तो उठून जातो. आणि आज एकजण उठून जाणं परवडणारं नव्हतं.

तोडगा काढला त्यांच्या पत्नीने, उल्कावहिनींनी. त्या गॅलरीत उभ्या होत्या आणि समोर अख्ख्या वसाहतीच्या रजया कठड्यांवर ऊन खात पडल्या होत्या. थंडी संपली की पेट्यांत भरण्याआधी त्या वाळवायची तिथे रीतच होती.

"बुवा, अंधार झाला तर चालेल?" त्यांनी विचारलं.

बुवांनी बराच विचार केला. सूर्य दिसला नाही तर आपली हरकत नाही, असं ते शेवटी म्हणाले. गुरूंनी घड्याळाबद्दल काही सांगितलं नव्हतं.

बैठक वसाहतीच्या सामायिक खोलीत होती. हे शहर बांधणाऱ्यांना उजेडाचं भारी वेड, त्यामुळे त्या खोलीला तीन बाजूंनी छतापर्यंत खिडक्या होत्या. दातीरांनी एकवीस रजया जमा केल्या, प्रत्येकीची मालकिणीला तीन प्रतींत पावती दिली, आणि अकरापर्यंत शिडी, सुतळी आणि खिळे घेऊन खोलीत मध्यरात्र उतरवली. एक झिरोचा बल्ब तेवढा ठेवला. खोलीत उन्हात तापलेल्या कापसाचा वास सुटला. बुवा आत आले, डोळे चोळत चहूकडे पाहिलं, आणि समाधानाने एक जांभई दिली.

साडेअकराला श्रोते आले तेव्हा ठेचकाळत आले. दातीरांनी दारातच मोजले: बत्तीस. मग डॉ. श्यामकांत आले, सोबत हाउजीचे सात खंदे पाठीराखे. चाळीस भरले. पण दातीर हुरळले नाहीत. आठही जण दाराजवळ बसले होते आणि एकानेही चपला रॅकवर ठेवल्या नव्हत्या, सगळ्यांनी हाताशी ठेवल्या होत्या. मोजणी शेवटी होती. शेवटाआधी हे उठणार, हे दातीरांना तेव्हाच कळलं. दार बाहेरून लावून घ्यावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं, पण कडी आतून होती.

बुवांनी डोळे मिटून आलापी सुरू केली. मागे उल्कावहिनी तंबोऱ्यावर. अंधारात काही श्रोते ताबडतोब झोपले. दातीरांना ते चालण्यासारखं होतं, झोपलेला माणूस उठून जात नाही.

पाऊण वाजता डॉक्टर उठले. मागोमाग सातजण, चपला हातात, चवड्यांवर. डॉक्टरांनी दार ढकललं आणि तिथेच थबकले, कारण दारात एक सब-इन्स्पेक्टर उभा होता आणि त्याच्यामागे चार शिपाई.

समोरच्या ब्लॉकमधून कुणीतरी ठाण्याला फोन केला होता, की काही माणसं भरदिवसा खोलीच्या खिडक्या आतून बंद करताहेत आणि एकेकजण मुकाट आत शिरतोय. त्या दिवसांत हे कुणालाही बरं वाटलं नसतं.

सब-इन्स्पेक्टरचं नाव निरंजन सिंह. त्याने टॉर्च फिरवला. एकवीस रजया, भिंतीला टेकून निजलेले संशोधक, आणि मध्ये डोळे मिटून बसलेले बुवा. त्याने बोलायला तोंड उघडलं, तोच उल्कावहिनींनी तंबोरा न थांबवता त्याच्याकडे अशी एक नजर टाकली, की पुढचं सगळं तो कुजबुजत बोलला.

"कोई बाहर नहीं जाएगा जी."

आयोजक कोण, असं त्याने विचारलं. दातीर पुढे झाले आणि बैठकीच्या परवानगीची पहिली प्रत दिली. मागितली नसताना दुसरीही दिली. निरंजन सिंहाने कागद टॉर्चखाली धरून दोनदा वाचला.

"इसमें रजाई कहाँ लिखी है?"

लिहिली नव्हती. दातीरांना आयुष्यात प्रथमच एखाद्या अर्जात रकाना कमी पडल्याची शरम वाटली. पुढच्या खेपेला लिहू, असं ते म्हणाले. सब-इन्स्पेक्टरने मान हलवली आणि शिपायाला वही काढायला लावली. नाव, पत्ता, इथे येण्याचं कारण आणि सही. शिपाई टॉर्च घेऊन रांगेने सरकत गेला. निजलेल्यांना हलवून उठवलं. प्रत्येकाने कारण तेच सांगितलं: गाणं ऐकायला. पोलिसापुढे वड्याचं नाव कोण काढणार?

एकोणचाळीस नावं झाली आणि वही डॉक्टरांपुढे आली.

"मेरा मत लिखिए," डॉक्टर दबक्या आवाजात म्हणाले. "मैं अध्यक्ष हूँ."

निरंजन सिंह एकदम खूश झाला. "अच्छा! तो ये सब आपने करवाया है? ये रजाइयाँ भी?"

डॉक्टरांनी दातीरांकडे पाहिलं. दातीर बुवांकडे पाहत होते. समेवर येताना बुवा नेमके त्याच वेळी खर्जात उतरले आणि ती खोली मध्यरात्रीहूनही काळी वाटू लागली.

"नहीं नहीं," डॉक्टर म्हणाले. "मैं तो सिर्फ़ गाना सुनने आया हूँ."

शिपायाने ते जसंच्या तसं लिहिलं. डॉक्टरांनी चाळिसाव्या ओळीवर सही केली, चपला खाली ठेवल्या आणि मांडी घातली.

दीडपर्यंत एकही माणूस हलला नाही. शिपाईही दाराशी बसून राहिले. दातीरांनी त्यांना धरलं नाही, कारण ते कामावर आले होते. दरबारी संपला तेव्हा बुवांनी डोळे उघडले, समोर वर्दीतला माणूस पाहिला आणि त्याला नमस्कार केला. इतके स्थिर श्रोते आपल्याला मिरजेतही मिळाले नव्हते, असं ते जेवताना म्हणाले. दातीरांनी त्यांना पुरणपोळी वाढली आणि बाकी काही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दातीर ठाण्यावर गेले आणि त्या यादीची शिक्क्यानिशी प्रत मागितली. निरंजन सिंहाने नोकरीत आजवर पुष्कळांना अशा यादीतून नाव काढा म्हणताना पाहिलं होतं. प्रत मागणारा हा पहिलाच. त्याने ती दिली, आणि आणखी एखादी हवी का, असंही विचारलं.

कार्यकारिणीच्या सभेत दातीरांनी यादी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती चाळिसाव्या ओळीपर्यंत वाचली, आपली सही ओळखली आणि चष्मा पुसला.

"दातीर, तुम्ही माणूस नाही, रबरी शिक्का आहात," ते म्हणाले. मग हाउजी शनिवारी नेण्याचा ठराव त्यांनी स्वतःच मांडला.

'आयोजकांसाठी सूचना' मध्ये त्यानंतर एका सूचनेची भर पडली: श्रोते स्वतः मोजू नयेत. पुढल्या बैठकीच्या परवानगीसाठी दातीरांनी रीतसर अर्ज केला, तीन प्रतींत. राग: मालकंस. रजया: एकवीस. आणि खाली, वेगळ्या रकान्यात: सब-इन्स्पेक्टर, नग एक. तिसऱ्या प्रतीवर पोच मिळाली.