पट्टी उतरवली त्या दिवशी

आमच्या घरात नवस बोलत नाहीत, अंगारा लावत नाहीत, आणि कुणाच्या अंगात आलं तर माझी आई त्याला आधी तांब्याभर पाणी पाजून सावलीत बसवायची. आम्ही बौद्ध. चमत्कार हा शब्द आप्पांसमोर, म्हणजे माझ्या वडिलांसमोर, काढायची सोय नव्हती. त्यामुळे जे सांगणार आहे ते मी आजवर फारसं कुणाजवळ बोलले नाही. पण माझ्याकडे गाणं शिकायला येणाऱ्या मुली अधूनमधून विचारतात, "ताई, तुमचा आवाज गेला होता तेव्हा तुम्ही काय केलंत?" त्यांना मी डॉक्टरांचं तेवढं सांगते आणि बाकीचं गिळून टाकते. ते गिळलेलं आज लिहायला बसले आहे. कुणाला पटो न पटो.

नव्वद सालानंतरची गोष्ट. देवळाली प्रवरेच्या जवळ आमचं गाव, चहूकडे ऊस. आप्पा साखर कारखान्यात कामाला होते, पण जीव सगळा त्यांच्या गायन पार्टीत. पेटी ते स्वतः वाजवायचे, ढोलकीला माझा चुलतभाऊ, कोरसला दोघंतिघं आणि गायला मी, सतरा वर्षांची. भीमगीतं, बुद्धगीतं गायचो. जयंतीचा महिना लागला की आज राहुरी, उद्या नेवासा, परवा श्रीरामपूर, अशी नुसती धावपळ. त्यात खरी मजा सामन्याची. एका स्टेजवर दोन पार्ट्या समोरासमोर बसायच्या, एकीनं गाण्यातून सवाल टाकायचा आणि दुसरीनं गाण्यातूनच जबाब द्यायचा. याचा एक न लिहिलेला कायदा होता. समोरचा ज्या पट्टीत गातो त्याच पट्टीत गायचं, जमलं तर एक घर वर जायचं, पण खाली उतरायचं नाही. ज्यानं पट्टी उतरवली तो हरला, बक्षिसाची ढाल समोरच्याला. मग तो कितीही गोड गावो, पब्लिक "उतरली, उतरली" करून हुर्यो उडवणार. आप्पांची पेटी काळी पाचला, म्हणजे पाचव्या काळ्या पट्टीच्या चढ्या सुराला, खिळा मारून ठोकल्यासारखी होती. तरुणपणी ते त्याच पट्टीत गायचे, म्हणून मीही त्याच पट्टीत. माझा गळा वेगळा असेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्या थंडीत वांबोरीला कार्यक्रम होता. दुसऱ्याच गाण्यात वरच्या सुरावर गेले आणि तिथे काहीच नव्हतं, नुसती हवा. कोरसवाल्यांनी सांभाळून घेतलं. घरी आल्यावर उपायांचा पाऊस पडला. कच्चं अंडं झालं, मिरी-खडीसाखर झाली, ज्येष्ठमध चघळून जिभेची साल निघाली. आप्पांचा उपाय वेगळा होता. रिकाम्या रांजणात तोंड घालून ओरडायचं. "आवाज बसला की बसू द्यायचा न्हाई, त्याला मारून उठवायचा," असं त्यांच्या गुरूनं त्यांना सांगितलेलं. मीही हट्टी. रोज पहाटे रांजणात डोकं घालून बोंबलत बसायची. एक दिवस उठून आईला हाक मारली आणि ती माझ्या शेजारी बसलेली असून तिला ऐकू आली नाही.

मग मात्र आईनं पदर खोचला. "पोरीचा गळा हाय त्यो, कारखान्याचा भोंगा न्हाई!" असं आप्पांना सुनावून ती मला घेऊन नगरच्या एसटीत बसली. तिथल्या नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी आरसा घालून बघितलं. कुदळ मारणाऱ्याच्या हाताला घट्टे पडतात तसे माझ्या स्वरतंतूंना पडले होते. म्हणाले, "दीड महिना एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंही नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. घट्टे उतरले तर तुझं नशीब. नाहीतर ऑपरेशन, आणि त्यानंतर गाता येईल याची हमी मी देणार नाही." जयंतीच्या शेवगावच्या सामन्याची सुपारी आप्पांनी आधीच घेतलेली होती. परतीच्या गाडीत आई खिडकीबाहेर बघत राहिली. मी रडले, पण तेही आवाज न करता रडायचं होतं.

न बोलता राहणं म्हणजे काय हे ज्याचं त्यालाच कळतं. गळ्यात दोरीनं पाटी बांधली होती. भांडायचं तरी पाटीवर. मी रागानं लिहायची, खडू मोडायचा, तोवर समोरचा निघून गेलेला असायचा. चुलतभाऊ मुद्दाम म्हणायचा, "काय शांतता हाय घरात, वा!" वरून मीही हसायची, पण आतून पार खचले होते. मॅट्रिकला गणितात गचके खाल्लेली मी. गाणं सोडलं तर माझ्याजवळ होतं काय? मावशीनं तर स्थळंही बघायला घेतली, मुकी म्हणून बोभाटा व्हायच्या आत.

माघ पौर्णिमेला सगळे विहारात जमले. एरवी वंदना मीच सांगायची. त्या दिवशी मागच्या भिंतीला टेकून बसले आणि समोरच्या बुद्धरूपाशी मनातल्या मनात कडाकडा भांडले. तुमचीच गाणी गाते ना मी? मग साऱ्या गावात माझाच गळा सापडला का? मूर्तीचे डोळे मिटलेले होते ते मिटलेलेच. मला त्या शांतपणाचाही राग आला.

माझ्या शेजारी जाजमावर एक बाई येऊन बसल्या. साठीच्या असाव्यात. पांढरं लुगडं, जाड भिंगाचा चष्मा. कधी पाहिलेल्या नव्हत्या. त्यांनी नाव विचारलं, मी गळ्याला हात लावून पाटीवर लिहिलं, 'गाऊन आवाज बसलाय, बोलायचं नाही.' त्या हसल्या. "बोलायचं न्हाई व्हय? बरंय की. मग ऐकायला तरी मोकळी हायस." तेवढ्यात वंदना सुरू झाली. त्यांनी काही न विचारता माझा हात धरला आणि स्वतःच्या पाठीवर, बरगड्यांच्या खालच्या अंगाला नेऊन ठेवला. "हितं ऱ्हाऊ दे. काढू नको."

सगळी वंदना त्यांनी तशीच म्हटली. आवाज भरदार, खालचा, कुठेही ओढाताण नाही. प्रत्येक ओळीआधी माझ्या तळव्याखाली त्यांची पाठ तव्यावरच्या भाकरीसारखी फुगायची आणि ओळ संपेपर्यंत सावकाश उतरायची. मी त्यांच्या मानेकडे बघितलं. एक शीर हललेली नव्हती. मी गाताना माझ्या मानेच्या शिरा दोरखंडासारख्या टरटरायच्या, आणि लोक त्यालाच "काय जीव लावून गाती पोरगी" म्हणायचे. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दुःखाचं नव्हतं ते. मला कुणीतरी न बोलता काहीतरी देत होतं आणि मी ते हातानं घेत होते. वंदना संपल्यावर त्यांनी विचारलं, "तुला कुनाच्या पट्टीत गायला लावत्यात?" मी पुढे बसलेल्या आप्पांकडे बोट केलं. त्यांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "तुझी तू हुडक," एवढंच म्हणाल्या.

खीर वाटायला मी उठले आणि द्रोण घेऊन परत आले तर त्या गेलेल्या. दुसऱ्या दिवशी आईनं चौकशी केली. वरच्या आळीला वाटलेलं खालच्या आळीची पाहुणी असेल, खालच्या आळीला वाटलेलं वरच्या. कुणाच्याच घरची नव्हती. आप्पा म्हणाले, "मानूस हुतं, एसटीनं आलं, एसटीनं गेलं. त्यात काय येवढं?" मीही तेच म्हणते. माणूसच होतं. पण साऱ्या विहारात जागा मोकळी असताना त्या माझ्याच शेजारी का बसल्या, याचं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. हात जोडायला मात्र उत्तर लागत नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

त्या दिवसापासून मी कंबर कसली. बोलायची बंदी होती, श्वासाची नव्हती. रोज सकाळी जमिनीवर उताणं पडून पोटावर ज्वारीची पिशवी ठेवायची आणि ती सावकाश वर, सावकाश खाली. चुलतभाऊ म्हणायचा, "दळन टाकायला निघाली का झोपायला?" म्हण बाबा. सुरुवातीला चक्कर यायची, मग खांदे दुखायचे, मग एक दिवस खांदे हलायचेच थांबले. दीड महिन्यानं डॉक्टरांनी आरसा घातला आणि मान डोलावली. "उतरतायत. हळूहळू सुरू कर. पण पूर्वीसारखं गायलीस तर परत माझ्याकडे येऊ नकोस."

आप्पा पाळीवर गेले होते तेव्हा मी एकटीच पेटी पुढ्यात घेऊन बसले. नुसतं तोंड मिटून गुणगुणले आणि तो सूर पेटीवर शोधत गेले. तो आप्पांच्या पट्टीच्या बराच खाली, काळी तीनला निघाला. आणखी दहा वेळा करून पाहिलं, दहाही वेळा तिथेच. दिवसभर उन्हात हिंडून घरात पाय ठेवावा तसं वाटलं मला. संध्याकाळी आप्पांना सांगितलं. त्यांचा घास हातातच राहिला. "शेवगावला काळी तीन? लोक चपला मारतील."

"मारू द्या."

"आगं, पार्टी बसंल आपली!"

"गळा बसला तेव्हा पार्टी उभी होती का, आप्पा?"

आईनं तोंडाला पदर लावला. आप्पा ताटावरून उठले. शेवगावला निघालो तरी पट्टीचं काही ठरलेलं नव्हतं.

कार्यक्रम उन्हं कलल्यावर सुरू झाला. मांडव गच्च भरलेला. समोरच्या पार्टीचा गायक विशी-बावीशीचा, नाव काढलेला मुलगा. त्यानं काळी पाचमध्ये असा सवाल टाकला की मांडव शिट्ट्यांनी दणाणला. आमची पाळी आली. आप्पांची बोटं सवयीनं काळी पाचवर गेली. मी भर स्टेजवर त्यांचं मनगट धरलं. "आप्पा, काळी तीन." ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "हयातीत न्हाई उतरवली गं मी." मी म्हणाले, "मला ढाल नको. मला उद्याबी गायचंय." आप्पांनी डोळे मिटले. मग त्यांची बोटं हळूच खाली सरकली.

पहिला सूर ऐकताच मागून ओरडा उठला, "उतरली! उतरली!" आणि त्याच क्षणी मी काहीतरी हातातून सोडून दिलं. जिंकणं, हरणं, आप्पांची अब्रू, सगळंच. श्वास घ्यायचा आणि सोडायचा, एवढंच माझ्याकडे होतं. पुढचं ज्याचं त्यानं बघावं. मी गात राहिले. पहिल्या कडव्यापर्यंत हुर्यो चालू होती. दुसऱ्या कडव्याला बायकांच्या बाजूनं कुणी ओरडलं, "गप ऐका की रं मेल्यांनो!" मग हळूहळू मांडव ऐकायला लागला. मी शेवटपर्यंत गायले आणि आवाज कुठे म्हणून कुठे फाटला नाही. ढाल मात्र समोरच्या पार्टीला गेली. कायदा तो कायदा.

स्टेजमागे आम्ही सामान बांधत होतो. तो मुलगा ढाल बगलेत धरून आला आणि माझ्याजवळ वाकून कुजबुजला, "ताई, गळ्याला काय लावता वो तुमी?" जवळून ऐकलं आणि मला कळलं. गाऊन गाऊन त्याच्याकडे आवाज उरलेलाच नव्हता. वांबोरीनंतर माझं जे झालं होतं तेच. मी काही बोलायच्या आत आप्पा पेटी सोडून उठले. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "कुजबुजू नको पोरा, आजिबात. उद्याच्या उद्या नगरला जाऊन गळा दाखव. आन तुझा गुरू कोन हाय, त्याला माझ्याकडं धाड. मला त्याच्याशी बोलायचंय." माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. त्यांनी माझी माफी मागावी असं मला कधी वाटलं नव्हतं, आणि त्यानंतर तर त्याची गरजच उरली नाही.

आम्ही मान ताठ ठेवायला शिकलेली माणसं. कुणापुढे वाकायचं नाही हे बाळकडूच. त्यामुळे रोज 'बुद्धं शरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणत असूनही शरण जाणं म्हणजे नेमकं काय ते मला उमजत नव्हतं. शेवगावला उमजलं. हरण्याशी त्याचा काही संबंध नाही. जे आपलं नाही ते ओरडून ओरडून धरून ठेवायचं सोडायचं, आणि आपल्याला जेवढं दिलंय त्यावर भरवसा टाकून उभं राहायचं. हे मला शिकवायला ज्या बाई आल्या, त्यांचं नावही मला ठाऊक नाही. म्हणून वंदनेला बसले की मी सगळ्यांनाच हात जोडते, त्यांच्यात कुठेतरी त्या असतीलच.

आप्पा पुढे पुष्कळ वर्षं गावातल्या पोरापोरींना शिकवायचे. नवीन कुणी आलं की पेटी पुढ्यात असायची, पण ते भाता उघडायचे नाहीत. "आधी बोल जरा," म्हणायचे, "घरी कोन कोन हाय ते सांग. तुझा आवाज कुठं ऱ्हातो ते मला ऐकू दे."